शुद्धिपत्र

ताईंचा आवाज इतका खणखणीत होता की त्यांच्या घरात गुपित म्हणून काही टिकतच नसे. जेवणात मीठ जास्त पडलं, तर ते तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं. नवरा म्हणायचा, "अगं, मी बहिरा नाहीये." त्यावर ताई म्हणायच्या, "सवय झालीय हो, काय करू?" आणि तेही इमारतभर ऐकू जायचं.

ही सवय कामाने लावलेली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानातली मशीन विकणाऱ्या एका दुकानात त्या एकोणीस वर्षं काउंटरवर होत्या. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायचं, आपलं तोंड हाताने झाकायचं नाही, एकेक शब्द सुटा करायचा आणि ओरडायचं मात्र नाही. लोकांना वाटतं, कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून बोलावं. पण ओरडलं की शब्द फाटतो. ताई तो न फाडता पोचवायच्या. म्हातारीकोतारी माणसं तपासणीच्या खोलीत जायच्या आधी त्यांच्यापाशी दहा मिनिटं बसत. कुणाचं मशीन शर्टाच्या खिशातून धुण्यात गेलं, कुणाचं कुत्र्याने चावलं, कुणी सहा महिने डावं उजव्या कानात घालून "काही उपयोग नाही हो याचा" म्हणत होतं, अशा सगळ्या कथा त्यांना पाठ. दुकानात त्यांना 'खणखणीत ताई' म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

पुढे एका दुकानाची तीन झाली, मोठे मालक थकले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. धाकटे मालक चौतिशीचे, हुशार आणि कायम घाईत. शाळेच्या गणवेशात दुकानातल्या मागच्या बाकावर बसून गृहपाठ करताना ताईंनी त्यांना पाहिलेलं. चारचौघांत ताई त्यांना 'तुम्ही' म्हणत. पण चिडल्या की ते 'तुम्ही' गळून पडायचं आणि खाली नुसतं 'तू' उरायचं.

हळूहळू काउंटरचं काम आटत गेलं. लोक घरबसल्या वेळ ठरवून यायला लागले, आले की थेट आतल्या खोलीत जायचे. ताईंसमोरची खुर्ची रिकामी राहायला लागली. बावन्नाव्या वर्षी नोकरदार माणसाला रिकामी खुर्ची बघवत नाही. पुढचा नंबर आपल्याच खुर्चीचा, असं वाटत राहतं.

अशात एक दिवस धाकट्या मालकांनी त्यांना आत बोलावलं.

"ताई, नवं मॉडेल आलंय. जुनी मशीन वापरणारी आपली सहाशे बारा माणसं आहेत. एकेकाला फोन करत बसलो तर वर्ष जाईल. ईमेल आपोआप गेले पाहिजेत. आज पहिला, चार दिवसांनी दुसरा, मग आठवड्याने तिसरा. उघडला तर पुढे हा जायचा, नाही उघडला तर तो. हे सगळं तुम्ही लावायचं."

"मी? अहो, मला कुणाला फोटो पाठवायचा तरी घरी विचारावं लागतं."

"लावायचं कसं ते शिकवायला माणूस आहे. पण लिहिणार कोण? या लोकांशी कसं बोलायचं ते तुमच्याइतकं कुणाला कळतं, सांगा?"

तेवढ्यावर ताई विरघळल्या.

शिकवायला एक सल्लागार होते. ते कधी प्रत्यक्ष आले नाहीत, दोन दुपारी पडद्यावरच दिसले. पाच ईमेलची माळ कशी ओवायची, कुठली तारीख कुठे टाकायची, माणसाने नवं मशीन घेतलं की माळ तिथेच कशी थांबवायची, हे त्यांनी दाखवलं. आणि एक मंत्र दिला. "घाई निर्माण करा, ताई. माणूस फायद्यासाठी उद्या उठतो, भीतीपोटी आज उठतो." ताईंनी तो वहीत उतरवून घेतला.

खरं सांगायचं तर ताईंना त्या कामात गोडी लागली. पडद्यावर चौकटी आणि बाण. या चौकटीतून माणूस निघाला, ईमेल उघडला, की या वाटेला. नाही उघडला, की तीन दिवस थांबून दुसऱ्या वाटेला. हे तर आपण जन्मभर करत आलोय, त्यांच्या मनात आलं. अमक्याला थेट सांगायचं, तमक्याला जरा वळसा घालून. पहिल्यांदा चाचणी म्हणून स्वतःलाच पाठवलेला ईमेल फोनवर टिंग करून आला, तेव्हा त्या उठून उभ्याच राहिल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, मी इथे बसलेय आणि मीच मला आले." नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायच्या कामावर होता, मोजकं बोलणारा. त्याने चष्मा लावून ते बघितलं आणि म्हणाला, "दोन-दोन तू? मग मी कुठे जाऊ?"

पहिला ईमेल नुसता विचारपूस करणारा होता. दुसऱ्यात नव्या मॉडेलची माहिती. घोडं अडलं ते तिसऱ्यापाशी. तिसऱ्यात भीती घालायची होती. सल्लागारांनी नमुना दिला होता, 'अंतिम सूचना! आजच कृती करा!' ताईंनी नाक मुरडलं. अशाने कोण येणार आहे? ही काय वीजबिलाची नोटीस आहे? दोन दिवस खपून त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं. 'तुमच्या मशीनने इतकी वर्षं तुमची सेवा केली. पण प्रत्येक यंत्राला वय असतं. तुमचं मशीन आता शेवटच्या टप्प्यात आहे. ते अचानक बंद पडेल, तेव्हा कुणाचं बोलणं अर्धवट राहील? तो दिवस यायच्या आधी या.' आणि खाली सही, 'तुमची खणखणीत ताई'.

नवऱ्याने ते वाचलं. "छान लिहिलंयस," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण खरंय का हे?"

"खरंच की. जुनं मशीन कधी ना कधी बंद पडणारच."

"कधी ना कधी तर आपणही."

"अहो, ही जाहिरात आहे!" ताई म्हणाल्या. मनात शंकेची पाल चुकचुकली होती, पण त्यांनी तिला हाकलून लावलं. काम उद्यापर्यंत द्यायचं होतं.

माळ सुरू झाली आणि तिचा गुण दिसायला लागला. पहिल्या महिन्यातच लोक यायला लागले. "ताई, तुमचं पत्र आलं," म्हणत काउंटरपाशी थांबायला लागले. पत्रच म्हणत सगळे, ईमेल कुणी म्हणत नसे. धाकटे मालक खूश झाले. ताईंना खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि दुसऱ्या दोन दुकानांतल्या मुली त्यांच्याकडून शिकायला आल्या. रिकाम्या खुर्चीची धास्ती गेली. त्या काळात ताई घरी गुणगुणायच्या, म्हणजे इमारतीलाही ते ऐकावं लागायचं.

पडद्यावर काही नावांपुढे नारिंगी ठिपका यायचा. एखाद्या माणसाने तोच ईमेल पुन्हा पुन्हा उघडला, की यंत्रणा त्याला 'अतिशय उत्सुक' ठरवून ठिपका द्यायची. म्हणजे हा गिऱ्हाईक होण्याच्या काठावर आहे, याला फोन करा. एका बुधवारी सकाळी ताईंना दिसलं की एका माणसाने तिसरा ईमेल तेवीस दिवसांत एकतीस वेळा उघडलाय. रोज एकदा, आणि कधी कधी दोनदा.

नाव ओळखीचं होतं. एका जुन्या वाचनालयातून निवृत्त झालेले ग्रंथपाल. पाच वर्षांपूर्वी पत्नीबरोबर आले होते. पत्नी तेव्हा म्हणाल्या होत्या, "जन्मभर 'शांतता राखा' म्हणत बसले, शेवटी शांतताच मागे लागली." ताई किती तरी दिवस हे दुकानात सांगून हसवत होत्या.

एकतीस वेळा वाचलंय म्हणजे मशीन घेणारच, असं म्हणून ताईंनी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग पत्नीने उचलला.

"कोण? दुकानातल्या ताई? त्या पत्रातल्या?" आवाज एकदम बारीक झाला. "बाई, तुम्ही येऊन जाता का घरी? फोनवर नाही सांगता यायचं."

शुक्रवारी दुपारी ताई गेल्या. पिशवीत साफसफाईचं सामान होतं, आणि नव्या मॉडेलचं माहितीपत्रकही होतं. ते त्यांनी सवयीने घेतलं होतं.

दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतभर पुस्तकं, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी. ग्रंथपाल खिडकीत वाचत बसले होते. ताई आत आल्याचं त्यांना कळलंच नाही. पत्नीने खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकून उठले. दोन्ही कान रिकामे होते.

"मशीन कुठेय?" ताईंनी त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं.

ताईंचं सुटं, खणखणीत बोलणं त्यांना मशीनशिवायही समजलं. "आज शुक्रवार आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी टेबलाच्या खणातून डबी काढून दाखवली. डबीवर त्यांच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी होती, 'जीर्ण. जपून हाताळावे.' आत दोन्ही मशीन, सेल काढून ठेवलेली. आणि चार घड्या घातलेला एक छापील कागद. ताईंनी उघडला. त्यांचाच तिसरा ईमेल होता तो.

बाकीचं पत्नीने सांगितलं. "तुमचं पत्र आलं ना, त्यांनी ते मनावरच घेतलं. म्हणाले, शेवटचा टप्पा आहे, आता उधळून चालायचं नाही. रविवारी नातीचा फोन येतो, तेव्हा अर्धा तास घालायचं. रोज संध्याकाळी बातम्या, पंधरा मिनिटं. बाकी वेळ डबीत. रोज सकाळी उठून फोनवर पत्र वाचतात आणि किती उरलं असेल त्याचा हिशोब लावतात."

"आणि तुम्ही?"

"माझा नंबर त्या वेळापत्रकात नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितलं. "म्हणतात, तू काय, घरातच आहेस. तुझं बोलणं अर्धवट राहिलं तर पुन्हा सांगशील."

त्यांनी एक वही दाखवली. गॅस बंद करा. पाणी आलं. औषध घेतलं का. पानंच्या पानं अशीच. "लिहून लिहून किती लिहिणार? कामाचं तेवढं लिहिते. बिनकामाचं काही हाताने लिहवत नाही. आणि नवऱ्याशी माणूस बिनकामाचंच जास्त बोलतो ना?"

 एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ताईंचा आवाज खाली गेला. मग त्यांना आठवलं की समोरच्याला तो पोचायला हवा. त्यांनी ग्रंथपालांना विचारलं, "मग नवीन घ्यायला का नाही आलात?"

"नको," ते म्हणाले. "हे घेतलं तेव्हा हिचा आवाज मला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. तो हिचा वाटायला सहा महिने गेले. आता नवीन म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. हे पुरतंय तोवर पुरवावं म्हटलं."

ताईंनी मशीन मागून घेतलं. सेल बसवला आणि मशीन मुठीत धरलं. मूठ मिटल्याबरोबर आतून बारीक शिट्टी वाजली. ही जुनी, साधी परीक्षा. शिट्टी जोरदार असली की मशीनमध्ये दम आहे समजायचं. मग त्यांनी कानात जाणारी नळी बघितली, ती कडक झाली होती. जाळीत मळ साचला होता. दोन्ही बदलायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"याला काहीही झालेलं नाही. अजून चार वर्षं तरी हे कुठे जात नाही. आणि वापरल्याने हे झिजत नाही हो, उलट डबीत बसून दमट होतं आणि बिघडतं. सकाळी घालायचं ते झोपताना काढायचं."

ग्रंथपालांनी मशीन कानात घातलं, जरा मान हलवली आणि कागदाकडे बोट दाखवलं. "पण इथे तुम्हीच लिहिलंय, शेवटच्या टप्प्यात आहे."

"मी लिहिलं. पण तुमचं मशीन न बघताच लिहिलं. चूक लिहिलं."

आता हे चिडतील असं ताईंना वाटलं. पण त्यांनी शांतपणे पेन्सिल घेतली. "कुठलं वाक्य चूक? नेमकं सांगा." ताईंनी दाखवलं. त्यांनी त्याखाली रेघ मारली. "अजून?" ताईंनी त्याच्या पुढचं वाक्य दाखवलं. त्याखालीही रेघ आली.

"मग शुद्धिपत्र काढा," ते म्हणाले. "पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली की वेगळ्या कागदावर लिहून चिकटवतात ना? अमुक पानावर असं छापलंय, त्या जागी असं वाचावं. छापलं गेलं म्हणून चूक काही बरोबर होत नाही. किती प्रती गेल्यात?"

"तिसरं पत्र सगळ्यांना नाही गेलं. तीनशे सत्तेचाळीस."

"मग तीनशे सत्तेचाळीस."

ताई चपला घालत होत्या तेव्हा मागे पत्नीचं बोलणं सुरू झालं होतं. "खालच्या घरात नवे भाडेकरू आलेत. त्यांच्याकडे पोपट आहे, तो माणसासारखा शिंकतो."

"पोपट शिंकतो?" ग्रंथपाल म्हणाले. "कधी आले हे लोक?"

"पंधरा दिवस झाले."

 उघड्या दारातून ताईंना दिसलं, ग्रंथपालांनी पत्नीसमोरची वही उचलली आणि मिटून पुस्तकांच्या वर ठेवून दिली.

माहितीपत्रक पिशवीतच राहिलं.

सोमवारी ताईंनी धाकट्या मालकांना सगळं सांगितलं आणि शुद्धिपत्राचंही काढलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"ताई, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उलटा अर्थ काढला म्हणून आपण सगळ्यांना माफीपत्र पाठवायचं? आणि आपण खोटं कुठे लिहिलंय? शेवटचा टप्पा म्हणजे काही उद्याच असं नाही. चार वर्षं हाही टप्पाच झाला."

"ऐकणाऱ्याला तो उद्याच वाटला."

"मग तो त्यांचा समज."

"समज त्यांचा आणि वाक्य माझं."

मालक उठून येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी म्हणाले, "एक करा. ज्यांच्या नावापुढे नारिंगी ठिपका आहे आणि ज्यांनी अजून काही घेतलं नाही, त्यांना फोन करा. बघा काय म्हणतात. झाली तर विक्रीच होईल. ईमेलचं नाव काढू नका."

अशी माणसं एक्केचाळीस होती. चार दिवस ताई फोन करत होत्या. ऐकू न येणाऱ्याशी फोनवर बोलणं म्हणजे बंद खिडकीतून निरोप देण्यासारखं. पण ताईंच्या गळ्याने साथ दिली. कुणी म्हणालं, सहज वाचत होतो, तुम्ही छान लिहिता. कुणी म्हणालं, बोट लागून उघडत असेल. कुणी नुसतेच वैतागले. पण त्या एक्केचाळिसांत नऊ जण असे निघाले की जे मशीन जपून वापरत होते. एकाने एका वेळी एकच कान चालू ठेवायचं ठरवलं होतं, आज डावा, उद्या उजवा. एक आजी मशीन फक्त मुलगा घरी आल्यावर घालायच्या. यंत्रणेला ज्यांच्यात उत्सुकता दिसली होती, त्यांच्यातला दर चौथा-पाचवा माणूस घाबरलेला होता. घाबरलेला माणूसही तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचतो, हे त्या ठिपक्याला कुठून कळणार?

त्या नऊ जणांतल्या शेवटच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांचं बोलणं सुरू होताच ताईंनी मुद्दाम धाकट्या मालकांना बोलावून घेतलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

"मी बाई रस्त्यात घालतच नाही आता," पलीकडून आवाज आला. "घरातून निघताना पर्समध्ये टाकते. रस्त्यात ऐकायचंय काय एवढं? मशीन तेवढंच वाचतं. परवा मात्र एक टेम्पो मागून अगदी चाटून गेला. हॉर्न दिला म्हणे त्याने. मला काय कळणार?"

ताईंनी त्यांना समजावलं, दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावलं आणि फोन ठेवला. धाकटे मालक भिंतीला टेकून उभे होते. तरी ते म्हणाले, "या बाईंना सांगितलंत ना आता? झालं मग."

तिथे ताईंचं 'तुम्ही' गळून पडलं.

"झालं कसं? ठिपका फक्त पुन्हा पुन्हा उघडणाऱ्यालाच येतो. ज्याने एकदाच वाचलं आणि गुपचूप डबीत ठेवून दिलं, तो तुला दिसणार आहे का या पडद्यावर? हे बघ, त्या पत्राखाली सही माझी आहे. लोक माझ्यावर विश्वास ठेवून घाबरलेत. सल्लागाराचं वाक्य असतं ना, तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. सही माझी वापरायची असेल तर वाक्यही माझं जाईल. नाहीतर सही काढून टाक आणि दुसरं कुणी बघ. मी काउंटरवर बसते, नाहीतर घरी बसते."

एवढं ऐकू गेलं नाही असा माणूस त्या दुकानात नव्हता. तपासणीच्या खोलीतले एक आजोबा तर बाहेर येऊन म्हणाले, "मशीन काढलेलं होतं, तरी ऐकू आलं."

धाकट्या मालकांना हसू आलं, आणि हसू आलं की माणसाचा अर्धा राग जातो.  मग म्हणाले, "पाठवा. पण खाली माझं नाव नको."

"तुमचं नाव होतं कधी?" ताई म्हणाल्या. 'तुम्ही' परत आलं होतं.

शुद्धिपत्र असं गेलं: 'तुम्हाला माझं एक पत्र आलं होतं. त्यात "तुमचं मशीन शेवटच्या टप्प्यात आहे, ते अचानक बंद पडेल" असं लिहिलं होतं. तुमचं मशीन न बघता मी तसं लिहिलं, हे चुकलं. त्या जागी असं वाचावं: मशीन चालत असेल तर ते रोज, दिवसभर वापरा. वापरल्याने ते लवकर संपत नाही. शंका आली तर घेऊन या, मी बघून सांगते. नवीन मॉडेल चांगलं आहे, पण घाई अजिबात नाही.'

बटण दाबायला ताईंना पहिल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला. चुकीचं एका दमात गेलं होतं, दुरुस्ती त्यांनी तीनदा वाचून पाहिली.

त्याचा परिणाम काही गोडच झाला असं नाही. चार जणांनी नव्या मशीनची मागणी रद्द केली. एक सेवानिवृत्त परिचारिका नवं मशीन घेऊन बसल्या होत्या, त्यांनी खरमरीत उत्तर लिहिलं, 'हे आधी सुचलं नाही का?' ताईंनी त्यांना फोन करून मशीन परत घ्यायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "राहू दे आता, याच्यात स्वच्छ ऐकू येतं. पण तुमच्यावर राग आहे तो आहेच." तो राग ताईंनी ऐकून घेतला. त्या महिन्यात विक्री घसरली आणि धाकटे मालक त्यांच्याशी कामापुरतंच बोलत राहिले. मात्र तपासणीसाठी जुनी मशीन घेऊन साठेक माणसं आली. त्यातल्या सात-आठ जणांची मशीन खरोखरच थकली होती. त्यांना ताईंनी स्वतः सांगितलं की आता नवीन घ्या, आणि त्यांनी दुसरा प्रश्न न विचारता घेतली.

माळ बंद झाली नाही. ती आजही चालते. फक्त तिसऱ्या ईमेलात आता भीती नाही, मशीन आणून दाखवा एवढंच आहे. नारिंगी ठिपक्याचं नावही ताईंनी बदलून घेतलं. पूर्वी तिथे 'अतिशय उत्सुक' यायचं, आता 'विचारा, काही अडलंय का' असं येतं. सल्लागार म्हणाले की अशाने विक्रीचा वेग कमी होईल. धाकटे मालक म्हणाले, "होऊ दे थोडा." ताईंशी पुन्हा नीट बोलायला लागल्याची ती त्यांची तऱ्हा होती.

ग्रंथपालांच्या पत्नीचा एकदा फोन आला. "आता दिवसभर घालतात. मी बोलले की माझ्या बोलण्यातल्या चुका काढतात. रोज तासभर काढून ठेवायला सांगता का?" दोघी खूप हसल्या.

पण ताईंना स्वस्थता नव्हती. तीनशे सत्तेचाळिसांपैकी सतरा जणांनी शुद्धिपत्र उघडलंच नव्हतं. पडद्यावर ती सतरा नावं तशीच करडी दिसायची. ताई दर गुरुवारी दुपारी त्यांना फोन लावत. दहा जणांचं काय ते कळलं. त्यांतला एक परदेशात मुलीकडे गेला होता, एकाचा पत्ता बदलला होता, दोघांचं देहावसान झालं होतं. उरले सात. त्या सातांचा फोन वाजायचा, वाजत राहायचा आणि थांबायचा. फोन उचलला गेला नाही की घरात कुणी नाही असं आपण समजतो. ताईंना तसं समजता येईना. माणूस घरात असेल, फोनपासून चार हातांवर असेल, आणि मशीन डबीत असेल.

शेवटी त्यांनी सात पाकिटं आणली, शुद्धिपत्र हाताने मोठ्या अक्षरात सात वेळा लिहिलं आणि टपालाने पाठवलं. नवऱ्याने तिकिटं चिकटवली. दोन जण पुढच्याच आठवड्यात दुकानात आले. एकाचं उत्तर आलं, एक पाकीट परत आलं. तिघांचं अजून काही कळलेलं नाही. त्यातला एक पत्ता नवऱ्याच्या मीटरच्या वाटेवर आहे. येत्या मंगळवारी तिथे गेलं की नुसती बेल वाजवून न थांबता दाराची कडी जोरात वाजवायची, असं ताईंनी त्याला सांगून ठेवलंय.